बोडारिनला पाणी चढलं

बोडारिनच्या विहिरीत फूटभर पाणी चढलं की गावात केक व्हायचा.

वाढदिवस नाही, सण नाही, नुसतं पाणी चढलं म्हणून. गाव तरी केवढं? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या पट्ट्यात, रेल्वेच्या फाट्यावर वसलेली सतरा घरं. एक दुकान, एक शाळा, एक सभागृह, टेनिसचं एक मैदान आणि रुळांच्या कडेला एक विहीर. पाऊस वर्षाला बारा इंच, तोही त्याच्या मनात आलं तर. अशा ठिकाणी पाणी आपणहून वर येतंय म्हटल्यावर माणसं केक खाणार नाहीत तर काय करतील? शनिवारी दुपारी दुकानाबाहेरच्या फळ्यावर नवा आकडा लागायचा, पोरं रुळाचा तुकडा बडवत गावभर फिरायची, आणि ज्या घराची पाळी असेल तिथली बाई सभागृहात केक घेऊन यायची. त्याला 'चढाचा केक' म्हणत.

फळ्यावर आकडा लिहायची मर्ल ट्रेझाइस.

ती बोडारिनला आली एकोणीसशे एकतीस साली, आल्फ ट्रेझाइस नावाच्या, रूळ सांभाळणाऱ्या गँगमनची बायको म्हणून. विहिरीत पाणी किती खोल आहे हे रेल्वेला दर आठवड्याला कळवावं लागे, कारण इंजिनं तेच पाणी प्यायची. काम आल्फचं. पण आल्फ दिवसभर रुळांवर, म्हणून मोजायला जायची मर्ल. पगार आल्फच्या नावावर, हात मर्लचे. कागदोपत्री या बाईनं जन्मात कधी पाणी मोजलं नाही. असे कागद जपून ठेवायची सरकारला भारी हौस.

मोजायचं साधन साधंच. लांब फीत आणि तिच्या टोकाला तळाशी पोकळ असलेलं पितळी वजन. वजन पाण्याला टेकलं की बेडकानं उडी मारल्यासारखा आवाज यायचा, डुब्ब! म्हणून त्याला सगळे 'बेडूक' म्हणत. मर्लनं पहिल्यांदा बेडूक सोडला तेव्हा डुब्ब व्हायला ब्याण्णव फूट लागले. तिनं ब्याण्णव लिहिले. आकडा घटला की समजायचं, पाणी चढलं.

या आकड्यांच्या बाबतीत ती फार ताठ होती. एका वर्षी फूट पुरा व्हायला फक्त एक इंच कमी पडत होता. सभागृहाच्या पायरीवर पोरं ताटकळत बसलेली. आल्फ म्हणाला, "अगं, एक इंच! लिहून टाक. कोण उतरून बघणार आहे?"

"पोरांना केक हवाय ना? करते की केक," मर्ल म्हणाली. "इंच नाही करणार."

आणि तिनं तसंच केलं. फळ्यावर 'एक इंच कमी' असं लिहिलं आणि केक स्वतःच्या घरून आणला. तेव्हापासून बोडारिनमध्ये कुणाला शपथ घ्यायची झाली तर 'मर्लच्या फळ्यासारखं खरं' असं म्हणायची पद्धत पडली. घड्याळ चुकेल, पाळक चुकेल, मर्लचा फळा चुकणार नाही. तिचा एकुलता एक मुलगा डॅरिल कडेवर असल्यापासून तिच्यासोबत विहिरीवर यायचा. डुब्ब ऐकलं की ओरडायचा, "चढलं!" त्याच्या तोंडून आई-बाबांच्या पाठोपाठ तिसरा शब्द तोच फुटला होता म्हणतात.

हे पाणी गावात कुणी पीत नव्हतं, हे मात्र ध्यानात ठेवा. प्यायला छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी. विहिरीचं पाणी इंजिनांना आणि मेंढ्यांना. पस्तीस वर्षं ज्या पाण्याचे केक खाल्ले, त्याची चव गावात कुणाच्या जिभेला ठाऊक नव्हती.

सहासष्ट साली मार्चमध्ये फळ्यावर एकतीस फूट लागले. एकसष्टावा केक झाला. एप्रिलमध्ये आल्फ रुळांवर वाकला तो उठलाच नाही.

स्मशान गावाच्या खालच्या अंगाला, सपाटीवर होतं. वर सगळा खडक, म्हणून पहिल्या लोकांनी मऊ माती बघून तिथं जागा धरली होती. खड्डे खणायचं काम क्लेमकडे. क्लेम नूंगार, म्हणजे या जमिनीचा मूळचा माणूस. गावचे रस्ते, गटारं, कबरी सगळं त्याच्या फावड्यावर चालायचं, पण सभागृहात त्याला खुर्ची नव्हती. मर्ल सकाळी जागा बघायला गेली तेव्हा तो खड्ड्याच्या काठावर बसून बूट काढून उलटे करत होता.

"बाई, जागा बदलायची का?"

"का? खडक लागला?"

"खडक लागला असता तर बरं होतं. पाणी लागलं."

"एप्रिलमध्ये? डिसेंबरपासून थेंब पडला नाही, क्लेम."

"वरनं नाही आलं हे. खालनं आलंय." क्लेमनं बूट झटकला, बोट ओलं केलं, जिभेला लावलं आणि थुंकला. "याचा चहा नका करू."

मर्ल वाकली. खड्डा साडेचार फूट झाला होता आणि तळाशी राखाडी पाणी हळूच जमत होतं, कुणी घाई करत नसल्यासारखं. तिनं बोट बुडवून चाखलं. तोंड वाकडं झालं.

"माझ्या बापानं ही सगळी सपाटी कुऱ्हाडीनं साफ केली," क्लेम म्हणाला. "पीठ, साखर नि चहाची पुडी, एवढ्यावर. म्हणायचा, गोऱ्यांना उजेड फार आवडतो. झाड दिसलं की यांना झोप लागत नाही." तो हसला, मग समोर कोण उभं आहे हे आठवून गप्प झाला. "माफ करा, बाई. आज ही वेळ नव्हे."

"वेळ कुठली नव्हे?" मर्ल म्हणाली. "दुसरी जागा शोधलीस तरी हेच लागेल ना?"

"हेच लागेल."

मग आल्फला तिथंच ठेवला. पाळकानं भराभर प्रार्थना उरकली. दोरावरून पेटी खाली गेली, टेकली, आणि आवाज आला, डुब्ब.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मर्लनं तो आवाज पस्तीस वर्षं दर शनिवारी ऐकला होता. तिच्या मानेवर काटा आला तो आठ दिवस गेला नाही.

आठव्या दिवशी तिनं विहिरीचं किटलीभर पाणी घरी आणलं आणि आल्फच्या आईकडून आलेल्या बिडाच्या तव्यात ओतून चुलीवर ठेवलं. पाणी उकळलं, आटलं, आणि काळ्या तव्यावर पांढरी पापडी धरली. नखानं खरवडली तर खरखर निघाली. मर्ल तो तवा पुढ्यात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली. शाळा तिची सातवीपर्यंत. पण ज्या बाईनं पस्तीस वर्षं एका गोष्टीकडं टक लावून पाहिलंय, तिला विचार कसा करायचा हे शिकवायला कुणी लागत नाही.

गावाच्या वरच्या अंगाला सहाशे एकरांचं राखीव रान होतं. गुलाबी बुंध्यांची उंच निलगिरीची झाडं, आख्ख्या खोऱ्यात तेवढंच उरलेलं. त्या रानातही एक जुनी विहीर होती, चंदनतोड्यांनी पूर्वी कधीतरी खणलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी आल्फबरोबर ती तिथं फिरायला गेली होती आणि गंमत म्हणून बेडूक सोडून पाहिला होता. नव्वद फूट. तिच्या आकड्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर ते अजून होतं. मर्ल फीत घेऊन पुन्हा गेली, चालत, साठीला टेकलेली बाई. बेडूक सोडला. फीत जात राहिली, जात राहिली. डुब्ब.

नव्वद फूट. पस्तीस वर्षांत इंचभरसुद्धा हललेलं नव्हतं.

जिथं झाडं होती तिथं पाणी जिथल्या तिथं होतं. जिथं झाडं तोडली तिथं ते उठून निघालं होतं. झाडं पावसाचा थेंब न् थेंब पिऊन टाकायची. गव्हाची मुळं वीतभर, ती काय पिणार? उरलेलं पाणी मुरत गेलं, खालचं जुनं पाणी वर उचलत गेलं, आणि हजारो वर्षं निजलेलं मीठ त्याच्यासोबत वर यायला निघालं. आणि आम्ही केक कापत होतो, तिच्या मनात आलं. एकसष्ट केक.

त्यानंतर तिला सगळीकडं तेच दिसायला लागलं. सपाटीवरची सुटी झाडं शेंड्याकडून वाळत होती. सभागृहाच्या भिंतीच्या तळच्या विटांवर पांढरी बुरशी यावी तशी काहीतरी भुकटी धरत होती, आणि कुंपणातून सुटलेल्या मेंढ्या येऊन ती भिंत चाटत उभ्या राहायच्या. लोक हसायचे. मेंढ्यांनाही सभेला यायचंय म्हणायचे. मर्लनं दुकानदार पायबसला सांगून पाहिलं.

"मीठ?" पायबस म्हणाला. "मग बरंच की गं! मेंढ्यांसाठी मी मिठाचे ठोकळे विकत आणतो. आता विहीरच फुकट देणार."

सदुसष्टच्या मे महिन्यात बातमी आली की सरकार राखीव रान शेतीला मोकळं करणार. अट एकच, दोन वर्षांत झाडं साफ झाली पाहिजेत. आणि त्याआधी गावच्या विहिरीचा दाखला लागणार. त्या दाखल्यावर सरकारनं एकच प्रश्न छापला होता: गेल्या वर्षात पाणी खाली गेलं का? खाली गेलं असेल तर जमीन मिळणार नाही. पाणी खारट आहे का, ते का चढतंय, कुठं जाऊन थांबणार, असलं काही विचारायची तसदी त्या कागदानं घेतली नव्हती. खाली सही, विहीर मोजणाऱ्याची, म्हणजे आल्फ गेल्यावर आता मर्लची.

जमिनीसाठी पहिला अर्ज डॅरिलचा होता.

डॅरिल तेव्हा एकोणतीस वर्षांचा. दुसऱ्यांच्या मेंढ्या कातरायचा, दुसऱ्यांचे गहू कापायचा. बायको नोलीनला दिवस गेलेले. मर्लनं त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि पुढ्यात तवा ठेवला.

"हे काय?"

"आपली विहीर."

तिनं सगळं सांगितलं. कबर, तवा, रानातली विहीर. डॅरिलनं ऐकून घेतलं, चहा संपवला.

"आई, मला बोलता यायला लागलं तेव्हा तू मला 'चढलं' म्हणायला शिकवलंस. गावाला तीस वर्षं केक चारलेस. टँकार्डनं रान तोडलं तेव्हा केक. पायबसच्या भावानं तोडलं तेव्हा केक. आणि आता आपली पाळी आली तर पाणी विष झालं होय?"

"तेव्हा मला कळत नव्हतं रे."

"आणि आता गावात एकटीला तुलाच कळलं. बाबांनी या सगळ्यांचे गहू वाहायला जन्मभर रूळ सांभाळले. त्यांना या खोऱ्यात सहा बाय तीनची जागा मिळाली. तीही ओली." त्यानं तवा हातानं बाजूला सारला. "मी तुझ्याकडं खोटं मागत नाहीये. तुझा खरा आकडा लिही. जन्मभर लिहिलास तोच."

"रान गेलं तर पाणी तुझ्या उंबऱ्यापर्यंत येईल, डॅरिल."

"येऊ दे. पोहायला शिकेन."

तो गेला. मर्लनं तवा उचलून खिळ्याला टांगला. खरं बोललं तर रान जातं. आणि खोटं? ते तिनं आजवर करून पाहिलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तिनं बेडूक सोडला. तीस फूट झाले होते, केकचा दिवस. ती फळ्यापाशी गेली. खडू टेकवताच मोडला. दुसऱ्या खडूनं तिनं लिहिलं: तेहतीस.

पायबस बाहेर आला. "अगं मर्ल, उलटं कसं?"

"उतरलं."

त्यानं डोकं खाजवलं आणि आत गेला.

पुढच्या आठवड्यात पस्तीस, मग अडतीस, मग त्रेचाळीस. गावाचा नूर पालटला. बायकांनी केकचे साचे कपाटात टाकले. टेनिसच्या मैदानावर आवाज चढेनासे झाले. पाळकानं पावसासाठी वेगळी प्रार्थना ठेवली. टँकार्ड, गावातला सगळ्यात मोठा शेतकरी आणि सभागृहाचा अध्यक्ष, दोनशे मेंढ्या विकून मोकळा झाला. संध्याकाळी माणसं फळ्यासमोर टोप्या काढून उभी राहायची, कुणाच्या मयताला आल्यासारखी. आणि एवढं सगळं होईस्तोवर विहिरीत डोकावून बघायचं एकालाही सुचलं नाही! चाळीस पावलांवर विहीर. पण फळा होता ना. मर्लचा फळा.

मर्लला मात्र झोप लागत नव्हती. आकडा जेवढा खोटा होत होता, तेवढं खालचं पाणी तिला जवळ आल्यासारखं वाटायचं. एकदा तर खरा आकडा वहीत लिहिताना तिनं चुकून खोटा लिहिला, आणि खोडताना रडली.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी दुपारी सभा भरली. दाखल्याचा कागद टँकार्डच्या हातात. क्लेम दाराबाहेर फावड्यावर रेलून उभा.

"मिसेस ट्रेझाइस," टँकार्ड म्हणाला, "सगळ्यांना माहीत आहे, तरी रीत म्हणून विचारतो. पाणी खाली गेलं?"

"सोळा फूट," मर्ल म्हणाली. "एकतीसवरून सत्तेचाळीस." आणि ती सही करायला उठली.

"आई, थांब."

डॅरिल मागच्या रांगेत उभा होता. त्याच्या हातात फीत होती, मर्लचीच, तिच्या व्हरांड्यातून उचललेली. निम्मी कोरडी, पुढची ओली.

"मी सकाळी विहिरीवर गेलो होतो. रान हातचं गेलं म्हणून निरोप घ्यायला गेलो म्हणा. लहानपणी टाकायचो तसा एक दगड टाकला. सत्तेचाळीस फुटांना दगड एवढ्या लवकर वाजत नाही. म्हणून बेडूक सोडला." त्यानं फितीवर अंगठा धरला. "एकोणतीस. तीनदा मोजलं. आई, तूच शिकवलंस तीनदा मोजायला."

पुढच्या रांगांतली डोकी मागं वळली.

"मर्ल?" पायबस म्हणाला.

"एकोणतीसच आहे," मर्ल म्हणाली. "आणि ते खारट आहे. ऐका माझं. चढतंय हेच वाईट आहे. आल्फची कबर..."

"मी दोनशे मेंढ्या विकल्या!" टँकार्डचा चेहरा लालेलाल झाला होता. "आधी म्हणे पाणी उतरलं. आता म्हणे खारट झालं. पुढच्या शनिवारी म्हणशील पेटलं!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, भीती सुटल्यावर माणसं हसतात तसे.

"माझ्याकडे तवा आहे. पाणी आटवून दाखवते, तुमच्या डोळ्यांदेखत..."

"तवा आणणारच असशील तर अंडी पण आण, मर्ल!"

हशा दाराबाहेर गेला. क्लेम हसला नाही. त्याला आत येऊन बोलायची मुभा असती तर एका वाक्यात काम झालं असतं. खड्ड्यातलं पाणी त्यानंच चाखलं होतं. पण खुर्ची नसलेल्या माणसाचं वाक्य कुठं धरतात!

दाखल्यावर सही पायबसनं केली. खरा आकडा, खरं उत्तर, आणि रान गेलं. मर्लच्या हातात फीत परत आलीच नाही. खरं सांगायचं तर तिला त्याचा राग आला नाही. राग आला तो याचा, की आता तिचं खरंही कुणी ऐकणार नव्हतं. तिनं एकच खोटं केलं आणि त्यात पस्तीस वर्षांची पुण्याई बुडवली. डॅरिल जाताना तिच्या शेजारून गेला, थांबला नाही.

पुढच्या वर्षी साखळी आली. दोन ट्रॅक्टर, मध्ये जहाजाच्या नांगराची साखळी. दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टर चालले की मधलं रान आडवं. तो आवाज पंधरा दिवस गावात येत होता. मग जाळ. राख मर्लच्या दोरीवरच्या कपड्यांवर पडली, तिनं कपडे काढलेच नाहीत.

डॅरिलला तीन सुग्या जबर मिळाल्या. त्यानं घर बांधलं, ट्रॅक्टर घेतला. पायबस फळा लिहायचा, केक पुन्हा सुरू झाले. मर्लच्या दाराशी केक कुणी आणला नाही. ती आल्फच्या कबरीवर जायची. तिथं आता दगडाभोवती माती बारा महिने ओली असायची आणि कडेनं पांढरी किनार.

चौथ्या वर्षी डॅरिलच्या खालच्या शेतात गव्हात टक्कल पडलं. ताटाएवढं. पाचव्या वर्षी खळ्याएवढं. सहाव्या वर्षी तिथं पीक नव्हतंच, नुसती चकाकी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, तळं आहे. सभागृहाची जमीन फुगली, टेनिसचं मैदान तडकलं, इंजिनं डिझेलवर गेली, शाळा बंद झाली. पायबस दुकान बंद करून मुलीकडं राहायला गेला आणि जाताना फीत डॅरिलकडं देऊन गेला. केक कधी थांबले ते कुणाला आठवत नाही. कुणी ठरवून थांबवले नव्हते. एका शनिवारी पाळी असलेली बाई आली नाही, इतकंच.

शहात्तर साली, नऊ वर्षांनी, डॅरिल आईच्या व्हरांड्यात आला. पायरीवर बसला. केस पिकले होते.

"चहा?" मर्लनं विचारलं.

"नको." त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "पाच फूट आहे."

"माहीत आहे. आता वाकलं की दिसतं."

"गुरुवारी गिऱ्हाईक येतंय जमीन बघायला. पूर्वेकडचं जोडपं आहे, नवीन लग्न झालेलं. आता बाहेरच्यांनाही कळलंय, आई. विहिरी बघतात, विचारतात, पाणी किती वर आहे म्हणून." तो बूट जमिनीवर घासत होता. "मी विहिरीवर पत्रा टाकून कुलूप लावणार होतो. पण मग शंका येते. म्हणून फळा रंगवला. चाळीस लिहिलंय."

मर्ल त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"तूही लिहिलं होतंस."

"मी रान वाचवायला लिहिलं होतं."

"मी तीन पोरं वाचवायला लिहितोय. गुरुवारी तू फक्त घरात राहा. एवढंच मागतो. तुझं म्हणणं ऐकलं नाही ही चूक झाली, कबूल. पण आता त्याची किंमत त्यांनी का द्यायची, पोरांनी?"

"आणि ते नवीन जोडपं? त्यांनी का द्यायची?"

डॅरिल उठला. फाटकापर्यंत गेला, परत वळला. "त्यांना तू ओळखतसुद्धा नाहीस," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी मर्लनं भिंतीवरचा तवा काढला. स्टोव्ह घेतला, काड्यांची पेटी घेतली, दोरी बांधलेला डबा घेतला आणि विहिरीवर गेली. वाटेत फळ्यापुढं थांबली. डॅरिलचं अक्षर तिच्यासारखंच होतं, चारचा आकडा वरून उघडा. तिनं खडू उचलला आणि परत ठेवला. बोडारिनमध्ये आता फळ्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, तिच्या अक्षरावर तर नाहीच. लिहून उपयोग नव्हता.

तिनं डबा सोडला. दोरी पुरुषभरसुद्धा लागली नाही. पाण्यात तिचा चेहरा होता आणि मागं आभाळ, इतकं जवळ की दचकावं. तिनं डबा भरून काढला आणि काठावर बसली.

क्लेम रस्त्यानं चालला होता. त्यानं स्टोव्ह बघितला, तवा बघितला, बाईकडं बघितलं.

"अंडी आणू का, बाई?"

"गिऱ्हाईक आलं की आण," मर्ल म्हणाली. मग काठावर सरकून जागा करत, "बस इथं. तुझ्याही तोंडानं ऐकू दे त्यांना. आल्फच्या खड्ड्यातलं पाणी तू चाखलंयस."

क्लेमनं फावडं आडवं ठेवलं आणि शेजारी बसला.

दहा वाजता धुळीचा लोट दिसला. पुढं डॅरिलची गाडी, मागं एक निळी, नवी कोरी, दोघं बसलेली. मर्लनं स्टोव्हला पंप मारला, काडी ओढली, तव्यात पाणी ओतलं. डॅरिलनं लांबूनच तिला पाहिलं असावं, कारण त्याची गाडी फळ्यापाशी करकचून थांबली. निळी गाडी थांबली नाही. डॅरिलच्या गाडीला वळसा घालून ती विहिरीकडं येत राहिली.

मर्लनं वर पाहिलं नाही. तव्यात पाणी चरचरायला लागलं होतं, आणि कडेला पहिली पांढरी रेघ धरली होती.